‘सगळ्या केस पास’ याचा अर्थ काय घ्यायचा?

प्रश्न असा आहे: ‘मी काही वर्षांपासून मॅन्युअल टेस्टिंग करतोय. रोज संध्याकाळी एक्झिक्युशन रिपोर्ट पाठवतो. इतक्या टेस्ट केस पास, इतक्या फेल, इतके बग ओपन. मॅनेजर म्हणतात क्वालिटी सुधारली पाहिजे. पण या निकालांनी सॉफ्टवेअरची क्वालिटी नक्की सुधारते कशी?’

नुसत्या निकालांनी सुधारत नाही. टेस्ट चालवण्याआधी कोड जसा असतो, तसाच तो नंतरही असतो. फरक एवढाच पडतो, की त्या कोडबद्दल कोणाला तरी आधीपेक्षा जास्त कळलेलं असतं. त्या माहितीमुळे कोणी काही वेगळं केलं, म्हणजे कोड दुरुस्त केला, रिलीज पुढे ढकललं, रिक्वायरमेंटमधला घोळ निस्तरला, तर दर्जात भर पडते. कोणी काहीच केलं नाही, तर तुमचा रिपोर्ट पंचनाम्यासारखा होतो. सह्या होतात, फाइल लागते, पीक गेलं ते गेलंच. त्यामुळे प्रश्न मी थोडा फिरवून घेतो: निकाल कसा असला की त्यातून निर्णय बदलतो?

तुमच्या रिपोर्टमध्ये सगळ्यात जास्त ‘पास’च असणार, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार तुम्हाला आठवत असेल. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळत होते. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी गेलेल्या एका कंटेंट अपडेटमुळे जगभरातली विंडोज मशिन निळ्या स्क्रीनवर अडकली होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने अशी मशिन ८५ लाख होती. पुढे ऑगस्टमध्ये कंपनीने मूळ कारणाचा अहवाल प्रसिद्ध केला. टेस्टिंग करणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असं माझं मत आहे, कारण त्यातली टेस्टिंगची बाजू फार बोलकी आहे.

झालं होतं असं. नियमांच्या एका नव्या प्रकारात २१ इनपुट फील्ड ठरवलेली होती. मशिनवर बसलेला कोड मात्र २० च व्हॅल्यू पुरवत होता. ही तफावत फेब्रुवारीत आलेल्या आवृत्तीपासून तिथेच होती. या प्रकाराच्या टेस्ट झाल्या होत्या, मार्चमध्ये स्ट्रेस टेस्टही झाली होती, आणि सगळं पास होतं. एप्रिलमध्ये या प्रकारातले काही नियम ग्राहकांच्या मशिनवर गेले, तेही व्यवस्थित चालले. कारण टेस्टमध्ये काय आणि त्या पहिल्या नियमांमध्ये काय, २१ व्या फील्डच्या जागी वाइल्डकार्ड होतं. म्हणजे ‘इथे काहीही चालेल’. काहीही चालेल म्हटल्यावर ती व्हॅल्यू वाचायची वेळच येत नव्हती. १९ जुलैला पहिल्यांदा २१ व्या फील्डवर खरी अट आली. कोड नसलेली व्हॅल्यू वाचायला मेमरीच्या हद्दीबाहेर गेला आणि विंडोज कोसळलं. अपडेट बाहेर सोडण्याआधी तपासणारा व्हॅलिडेटरही २१ व्हॅल्यू येणार असंच धरून चालला होता, त्यामुळे त्याच्याकडूनही पासच मिळाला. सदोष अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतलं गेलं. पण तोवर जी मशिन पडली होती, त्यांतली बहुतेक कोणीतरी हाताने सुरू करावी लागली.

यातला एकही ‘पास’ खोटा नव्हता. प्रत्येक निकाल आपापल्या डेटापुरता बरोबर होता. पासचा पूर्ण अर्थ ‘या डेटावर, या एन्व्हायर्नमेंटमध्ये, आम्ही जिथे पाहिलं तिथे गडबड दिसली नाही’ एवढाच असतो. रिपोर्टच्या तक्त्यात यातला पहिला भाग गळून पडतो आणि हिरवा रंग तेवढा उरतो. टेस्टिंगने चुका आहेत हे दाखवता येतं, चुका नाहीत हे दाखवता येत नाही, हे संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी अर्धशतकापूर्वी सांगून ठेवलंय. इंटरव्ह्यूमध्ये ते सगळे म्हणून दाखवतात. रिपोर्टचा टेम्प्लेट बनवताना कोणाला आठवत नाही.

मग पासचा उपयोग काय? मोठा आहे, पण तो आजच्या कोडपेक्षा उद्याच्या बदलासाठी जास्त आहे. ज्या मोड्यूलमागे भरवशाचा रिग्रेशन सूट, म्हणजे बदलानंतर जुनं काही मोडलं का हे तपासणाऱ्या टेस्टचा संच, उभा असतो, त्यात डेव्हलपर हात घालायला घाबरत नाही. जुना गुंता सोडवतो, डुप्लिकेट कोड काढतो, लायब्ररीची आवृत्ती वाढवतो. जिथे तसा सूट नसतो तिथे ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ सुरू होतं, आणि मग प्रत्येक नवं फीचर जुन्याच्या कडेकडेने चिकटवलं जातं. बाहेरच्या ग्राहकाला हे दिसत नाही, पण पुढच्या दोन-तीन वर्षांत येणारे बग इथेच ठरतात.

अट एकच, सूट भरवशाचा हवा. कोड कव्हरेज ८० टक्के आहे एवढ्याने ते कळत नाही. त्या ओळी टेस्टदरम्यान चालल्या, एवढंच ते सांगतं. चालल्यावर आलेलं उत्तर कोणी तपासलं का, हे नाही सांगत. असर्शन, म्हणजे उत्तर बरोबर आहे का ही तपासणी, नसलेल्या टेस्टनेही कव्हरेज वाढतं, आणि असा सूट मी पाहिलेला आहे. खात्री करायचा सोपा उपाय म्हणजे कोडमध्ये मुद्दाम एक चूक घालायची. ‘पेक्षा मोठा’च्या जागी ‘पेक्षा मोठा किंवा समान’ करायचं, आणि एक तरी टेस्ट फेल जाते का बघायचं. याला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात, त्याची टूल्स आहेत. पण टूल नसलं तरी एका महत्त्वाच्या मोड्यूलवर अर्धा तास बसून हाताने करून बघा. आणि कधी पास कधी फेल जाणाऱ्या फ्लेकी टेस्ट सूटमधून लगेच बाजूला काढून दुरुस्त करा. ‘ती अशीच करते, परत रन कर’ असं टीम एकदा म्हणायला लागली की खऱ्या फेलकडेही त्याच नजरेने बघितलं जातं.

आता फेलकडे येऊ. इथे मजकूर जास्त आहे.

एक फेल, एक बग, एक फिक्स, री-टेस्ट, क्लोज. हा रोजचा रस्ता. यातून दर्जात भर पडते, पण एका वेळी एका बगाएवढीच. फेल गेलेल्या केस एकत्र ठेवून वाचल्या की बरीच जास्त पडते. उदाहरण आपल्याच भाषेचं देतो.

सहकारी पतसंस्थांसाठीचं एक सॉफ्टवेअर होतं. वेगवेगळ्या टेस्टरनी वेगवेगळ्या मोड्यूलमध्ये तीन बग लावलेले होते. पहिला: सभासदाच्या नावाआधी ‘ॲड.’ असेल तर सर्चमध्ये तो सभासद कधी सापडतो, कधी सापडत नाही. दुसरा: लांब नावं पावतीवर अर्धवट छापली जातात. तिसरा: हप्त्याची आठवण करून देणारा मराठी एसएमएस एकाऐवजी दोन मेसेज म्हणून जातो. तिन्हींची सिव्हिरिटी, म्हणजे गंभीरता, मायनर. तिन्ही तीन डेव्हलपरकडे. प्रत्येकाने आपापल्या जागी फिक्स केलं असतं तर एकाने सर्चमध्ये एक रिप्लेस टाकला असता, दुसऱ्याने एका टेबलातला कॉलम रुंद केला असता आणि तिसऱ्याने मेसेजमधले दोन शब्द कापले असते. तीन बग क्लोज, रिपोर्ट हिरवा.

ट्रायाजला, म्हणजे बगांची छाननी करायच्या मीटिंगला, तिन्ही शेजारी ठेवल्यावर मूळ एकच निघालं. ‘ॲ’ हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं. काही कीबोर्ड त्यासाठी एकच कोड (इथे कोड म्हणजे अक्षराचा ठरलेला आकडा) देतात, जो युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिपींच्या अशा आकड्यांच्या यादीत, २००८ साली ५.१ आवृत्तीत आला. काही कीबोर्ड ‘अ’ देऊन त्यावर चंद्र चढवतात. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण डेटाबेसच्या लेखी ती वेगळी अक्षरं आहेत, आणि सारखी अक्षरं एका रूपात आणणारं युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही. दुसऱ्या बगात कॉलमची लांबी बाइटमध्ये मोजलेली होती. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कोड तीन बाइट घेतो. नुसतं ‘श्री’ लिहिलं तरी चार कोड, म्हणजे बारा बाइट. इंग्रजी नाव आरामात बसतं तिथे मराठी नाव एक तृतीयांशातच संपतं. तिसऱ्यात, इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा असतो, पण देवनागरी आलं की मर्यादा ७० वर येते. त्यापुढे मेसेज तुटतो आणि बिल दुप्पट होतं.

म्हणजे दोष तीन मोड्यूलमध्ये नव्हताच. सगळं डिझाइन ‘मजकूर इंग्रजीसारखा असणार’ या न लिहिलेल्या समजुतीवर उभं होतं. टेस्ट डेटाही तसाच होता, रोमन लिपीतला टेस्ट युजर वन, टेस्ट युजर टू. हे कळल्यावर निर्णय बदलले. मजकूर आत येतो त्या एकाच जागी अक्षरांचं रूप एकसारखं करायचं ठरलं. कॉलमची लांबी अक्षरांत मोजायची ठरली. एसएमएसच्या टेम्प्लेटला लांबीची तपासणी लागली. आणि टेस्ट डेटामध्ये ऱ्हस्व-दीर्घ, ‘ऱ्या’, जोडाक्षरं असलेली खरीखुरी वाटणारी नावं आली. त्या नव्या डेटावर यादीच्या क्रमातली गडबडही लगेच सापडली. आपण ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ वर्णमालेच्या शेवटी घेतो, सॉफ्टवेअर मात्र नुसत्या कोडच्या क्रमाने ‘क्ष’ला ‘क’मध्ये घालत होतं. हा बग शाखेतून तक्रार म्हणून यायच्या आत सापडला.

तुम्ही विचारलंय ते ‘योगदान’ मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं. दर बगाच्या फिक्सबरोबर ‘हा बग आत आला कुठून’ हेही नोंदवायला लागा. रिक्वायरमेंट, डिझाइन, कोडिंग, कॉन्फिगरेशन, डेटा, एवढे पर्याय पुरतात. दोन रिलीजनंतर ती यादी चाळली की कुठल्या मोड्यूलमध्ये आणि कुठल्या टप्प्यावर गर्दी होते ते दिसतं. गर्दी होतेच. बग सगळीकडे सारखे पसरलेले मी तरी कधी पाहिले नाहीत.

‘नॉट रिप्रोड्यूसिबल’ या स्टेटसबद्दल थोडं बोलतो, कारण चांगले बग याच दारातून निसटतात. थेरॅक-२५ हे कॅनडात बनलेलं रेडिएशन उपचाराचं यंत्र होतं. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना जीवघेणा जास्तीचा डोस दिल्याचं नोंदलेलं आहे. १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर इथे अपघात झाल्यावर कंपनीच्या इंजिनिअरना तो परत घडवता येत नव्हता. दुसऱ्या अपघातानंतर तिथल्या हॉस्पिटलचे फिजिसिस्ट ऑपरेटरला घेऊन यंत्रापुढे बसले आणि तेच तेच करत राहिले. शेवटी कळलं की ऑपरेटरने चुकीचा मोड टाकला आणि आठेक सेकंदांच्या आत तो दुरुस्त करून पुढे गेली, तरच घोळ होतो. यंत्रातले चुंबक जागेवर यायला तेवढा वेळ लागायचा आणि त्या दरम्यान झालेला बदल सॉफ्टवेअरच्या एका भागाला कळतच नव्हता. सरावलेल्या ऑपरेटरची बोटं त्या वेगाने चालत होती. सावकाश, एकेक पायरी वाचत टेस्ट करणाऱ्याला तो बग दिसला नसता. त्यामुळे बग लिहिताना पायऱ्यांबरोबर वेग, नेटवर्क, मशिनवर आधी काय चालू होतं, किती वेळ सेशन उघडं होतं, हेही लिहा. आणि एकदाच दिसलेला बग बंद करायला डेव्हलपर सांगतो म्हणून बंद करू नका.

निकालांचा तिसरा उपयोग रिलीजच्या निर्णयात असतो, आणि सगळ्यात जास्त पैसा इथेच बुडतो. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ५२ लाख ग्राहकांचा डेटा जुन्या सिस्टिमवरून नव्यावर एका वीकेंडला हलवला. डेटा नीट गेला, पण प्लॅटफॉर्म कोसळला. सोमवारी लाखो लोकांना खातंच उघडता येत नव्हतं आणि कामकाज पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. नंतर स्लॉटर अँड मे या कायदा फर्मने केलेल्या चौकशीत एक गोष्ट पुढे आली. नव्या सिस्टिमची दोन डेटा सेंटर एकाच वेळी चालणार होती आणि लोडसारख्या नॉन-फंक्शनल टेस्ट त्यांपैकी एकावरच झाल्या होत्या. नियामकांनी बँकेला डिसेंबर २०२२ मध्ये ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. एप्रिल २०२३ मध्ये बँकेच्या तेव्हाच्या मुख्य माहिती अधिकाऱ्याला व्यक्तिशः ८१,६२० पौंडांचा दंड झाला. सिस्टिम बांधून देणाऱ्या कंपनीने तयारीची जी हमी दिली होती, तिची पुरेशी खातरजमा त्यांनी केली नाही, हा त्यांच्यावरचा ठपका होता.

एका सेंटरच्या टेस्ट पास होणं ही माहिती होती. दुसऱ्यावर टेस्ट झालीच नाही ही त्याहून मोलाची माहिती होती. म्हणून रिपोर्टमध्ये ‘काय टेस्ट झालं नाही, का झालं नाही, आणि त्यामुळे काय होऊ शकतं’ हा भाग मी पास-फेलच्या तक्त्याच्या वर ठेवायला लावतो. आवडत नाही कोणाला. मॅनेजर म्हणतात क्लायंट घाबरेल. पण साइन-ऑफ, म्हणजे रिलीजआधीची टेस्टरची सही, ही टेस्टरने दिलेली गॅरंटी नसते. धोका किती आहे हे तुम्ही सांगायचं, घ्यायचा की नाही ते ज्याच्या हातात धंदा आहे त्याने ठरवायचं. तुम्ही सांगितलंच नाही तर तो निर्णय नकळत तुमच्या नावावर होतो.

सापडलेला दोष योग्य माणसापर्यंत पोचला नाही तर काय होतं, याचं याहून भयानक उदाहरण ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या होरायझन सिस्टिमचं आहे. १९९९ पासून बसवलेल्या या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये हिशेब चुकवणारे बग होते. सपोर्ट करणाऱ्या फुजित्सू कंपनीकडे ज्ञात दोषांची नोंदही ठेवली जात होती. तरीही पैशांची तूट दिसली की पोस्ट चालवणाऱ्यांवर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले भरले गेले, आणि कोर्टात सॉफ्टवेअर भरवशाचं आहे असं सांगितलं गेलं. डिसेंबर २०१९ मध्ये हायकोर्टाने बगांचं अस्तित्व मान्य केलं, एप्रिल २०२१ मध्ये एकाच दिवशी ३९ जणांच्या शिक्षा रद्द झाल्या, आणि २०२४ मध्ये उरलेल्या बहुतेकांसाठी संसदेला वेगळा कायदा करावा लागला. दोष सापडले होते, नोंदलेही होते. ज्यांना ते कळायला हवे होते, त्यांच्यापर्यंत ती नोंद गेली नाही. तुमच्या ‘नोन इश्यूज’च्या शीटला सपोर्टच्या, ट्रेनिंगच्या, ग्राहकाच्या माणसांपैकी कोणाकोणाचा ॲक्सेस आहे, ते एकदा बघून घ्या.

आकड्यांचं काय करायचं, हे मॅनेजर विचारतीलच. बगांच्या संख्येवर टेस्टरचं अप्रेझल कधीही करू नये. तसं केलं की एका बगाचे पाच होतात, डेव्हलपर प्रत्येकावर ‘नॉट अ बग’ म्हणून भांडतो, आणि ट्रायाजची मीटिंग कज्जेदलालीत जाते. पास टक्केवारीही जवळपास निरुपयोगी आहे. सोप्या केस वाढवल्या की ती वाढते. बग कमी सापडले म्हणजे कोड चांगला झाला, असंही धरू नका. टेस्टिंगला दिवस कमी मिळाले असतील. मला काही सांगणारे आकडे दोनच. एक, प्रॉडमध्ये, म्हणजे ग्राहकाच्या प्रत्यक्ष वापरात, गेल्यावर सापडलेले बग, सिव्हिरिटीसकट, रिलीजमागून रिलीज. दोन, फिक्स होऊन परत उघडलेले बग. री-ओपन वाढले की समजावं, घाईत फिक्स होतायत किंवा बग नीट लिहिले जात नाहीत. डेव्हलपर आणि टेस्टर, दोघांनाही एकत्र बसवायची वेळ झाली.

प्रॉडमधून आलेल्या प्रत्येक बगाला दोन प्रश्न विचारायचे: हा आत कसा आला, आणि आपल्या टेस्टना हा का दिसला नाही. पहिल्याचं उत्तर डेव्हलपरकडून घ्या, दुसऱ्याचं तुम्ही द्या. ‘टेस्ट केस नव्हती’ हे उत्तर चालत नाही. का नव्हती ते लिहा. रिक्वायरमेंटमध्ये ते नव्हतं, एन्व्हायर्नमेंटमध्ये तो डेटा नव्हता, की केस होती पण अपेक्षित निकालच चुकीचा लिहिला होता? प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आहे.

तुमच्या उद्याच्या रिपोर्टपुरतं सांगायचं तर वरच्या तीन-चार ओळी एवढ्या ठेवून बघा: आज काय नवीन कळलं, त्यामुळे कोणी काय ठरवायला हवं आणि कधीपर्यंत, काय टेस्ट झालेलं नाही, आणि अडलंय कुठे. तक्ता खाली जोडा, तोही लागतोच. पहिले काही दिवस कोणी उत्तर देणार नाही. दुसऱ्या ओळीत माणसाचं नाव असेल तर मात्र तो माणूस लवकरच तुमच्या डेस्कशी येतो, बहुतेक वेळा चिडून. तेव्हा बग रिप्रोड्यूस करून दाखवायची तयारी ठेवा.